शून्याने भागल्यावर डेटाबेस काय करतो: वेगवेगळ्या प्रोसेसरवर तपासायचं कसं

आधी मुद्द्याचं सांगते. डेटाबेसला १ भागिले ० विचारलं, एरर आली, म्हणजे टेस्ट पास, असं बहुतेक नवीन लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. एरर आली हे अर्धंच झालं, ती एरर दिली कुणी हे बघायला लागतं. डेटाबेसच्या कोडने भागाकार करायच्या आधी भाजक तपासला आणि एरर दिली, का कोडने काहीच तपासलं नाही आणि प्रोसेसरच अडकला म्हणून एरर आली? पहिल्या प्रकारची एरर तुम्ही कुठल्याही मशीनवर गेलात तरी तशीच येणार. दुसऱ्या प्रकारची इंटेल-एएमडीवर येईल, आणि तीच क्वेरी एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालवली तर गुपचूप एक चुकीचा आकडा हातात ठेवून पुढे जाईल, ना एरर ना वॉर्निंग, आणि तो आकडा मग रिपोर्टमध्ये, बिलात, कुठेही जाऊन बसेल.

पूर्वी हे फारसं अंगावर यायचं नाही कारण लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत सगळं एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या जातीचं होतं. आता तसं राहिलेलं नाही. ॲपलने २०२० मध्ये एम१ आणल्यापासून कितीतरी डेव्हलपरांचा लॅपटॉप एआरएमवर आहे, ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन मशीन एआरएमच आहेत आणि मुंबई रीजनमध्ये पण मिळतात, स्वस्त पडतात म्हणून टीमच्या टीम तिकडे सरकतायत. म्हणजे कोड लिहिला एकावर, सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) चालतं दुसऱ्यावर आणि प्रॉडक्शन तिसऱ्यावर असं सर्रास होतंय.

इथे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसवर दाखवते, कारण तो फुकट आहे, सोर्स उघडा आहे, आणि एरर कुठून आली हे तो ओळीपर्यंत सांगतो. शेवटाकडे मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटबद्दल पण आहे. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायच्या.

पायरी १: प्रोसेसर स्वतः काय करतो ते डोळ्याने बघा

डेटाबेस नंतर. आधी सी मध्ये पाच ओळींचा प्रोग्राम लिहा, दोन इंट व्हेरिएबल घ्या, दोन्ही व्होलाटाइल ठेवा (नाहीतर कंपायलर भागाकार आधीच स्वतः करून टाकेल आणि तुम्हाला प्रोसेसरचं वागणं दिसणारच नाही), एकात ७ आणि दुसऱ्यात ०, भागाकार करून प्रिंट करा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा.

इंटेलवर प्रोग्राम मरतो, "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" असं लिहून येतं. पूर्णांक भागत होतो मग फ्लोटिंग कुठून आलं असं वाटेल, पण युनिक्सवर पूर्णांकाच्या भागाकाराचा घोळ पण याच सिग्नलखाली येतो, त्याचं नाव एसआयजीएफपीई. एक्स८६ ची भागाकाराची इन्स्ट्रक्शन शून्य भाजक दिसला की ट्रॅप करते, म्हणजे काम तिथेच थांबवते, कर्नल (ओएसचा गाभा) तो ट्रॅप पकडून प्रोसेसला हा सिग्नल पाठवतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एस३९०एक्सवर पण असंच होतं.

हाच प्रोग्राम रास्पबेरी पायवर (६४ बिट ओएस टाकलेल्या) किंवा एम सिरीजच्या मॅकवर चालवा. ० प्रिंट होतं आणि प्रोग्राम खुशाल संपतो. ६४ बिट एआरएमच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की शून्याने भागलं तर उत्तर शून्य, ट्रॅप वगैरे काही नाही. बाकी काढायला सांगितली, ७ मोड ०, तर तिथे ७ येतं, कारण एआरएममध्ये बाकीची वेगळी इन्स्ट्रक्शनच नाही, भागाकार करून गुणून वजा करतात, भागाकार ० आला तर सगळे ७ उरतात. रिस्क-फाइव्ह या जातीच्या प्रोसेसरवर ७ भागिले ० केलं तर -१ येतं, म्हणजे सगळे बिट १. पॉवर प्रोसेसरवर ट्रॅप नाही आणि उत्तर काय येईल त्याची खात्री पण दिलेली नाही.

आता दुसरा आकडा घ्या, आणि माझ्या मते हा शून्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे कारण शून्याचा विचार सगळे करतात आणि याचा कुणी करत नाही. ३२ बिट इंटमधला सगळ्यात छोटा आकडा -२१४७४८३६४८, त्याला -१ ने भागा. गणिताने उत्तर २१४७४८३६४८ यायला पाहिजे, पण इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७ आहे, एकाने कमी. इंटेलवर इथे पण तोच ट्रॅप, तोच सिग्नल, प्रोग्राम मेला. एआरएमवर उत्तर येतं -२१४७४८३६४८, म्हणजे उणेला उणेने भागून परत उणे. रिस्क-फाइव्हवर पण तेच.

हे एकदा स्वतःच्या मशीनवर बघितलं की पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते पटकन कळतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

पायरी २: मशीन जमवा

सगळं हार्डवेअर विकत घ्यायची गरज नाही. एक एक्स८६ आणि एक ६४ बिट एआरएम एवढं तरी खरं हवं, लॅपटॉप आणि रास्पबेरी पाय चालेल, किंवा क्लाउडवर तासाभराने भाड्याने घ्या. बाकीच्यांसाठी डॉकर आणि क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल, म्हणजे एम्युलेशन करणारा प्रोग्राम) वापरा. पोस्टग्रेसची ऑफिशियल इमेज एएमडी६४, एआरएम६४, आय३८६, पीपीसी६४एलई, एस३९०एक्स अशा बऱ्याच आर्किटेक्चरसाठी मिळते, डॉकर रनला प्लॅटफॉर्मचा ऑप्शन दिला की झालं. डॉकर डेस्कटॉपमध्ये एम्युलेशन आधीपासून असतं, साध्या लिनक्सवर बिनएफएमटीचं (परक्या प्रोसेसरचे प्रोग्राम एम्युलेटरकडे पाठवणाऱ्या सोयीचं) सेटअप एकदा करायला लागतं. हळू चालतं खूप, पण आपल्या क्वेऱ्या छोट्या आहेत.

एम्युलेशनवर एक गोष्ट मनात पक्की ठेवा, तिथे भागाकार खरा प्रोसेसर करत नाही, क्यूईएमयूचा कोड त्याची नक्कल करतो. पूर्णांकाच्या बाबतीत ही नक्कल चांगली आहे, फ्लोटमध्ये काही वेगळं दिसलं तर मात्र खऱ्या मशीनवर खात्री केल्याशिवाय बग म्हणून नोंदवू नका. फ्री सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर जीसीसीच्या कंपाइल फार्मवर अकाउंट मागता येतं, तिथे खरी पॉवर, एआरएम, रिस्क-फाइव्ह मशीन आहेत.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हे फार लोक चुकतात. एका बाजूला डेबियनवाली इमेज एक्स८६ वर आणि दुसऱ्या बाजूला अल्पाइनवाली एआरएमवर, असं केलं तर तुम्ही प्रोसेसर आणि सी लायब्ररी दोन्ही बदललेत (डेबियनमध्ये ग्लिबसी, अल्पाइनमध्ये मसल) आणि एक्स्पोनेन्शियल किंवा लॉगच्या उत्तरात शेवटचा अंक वेगळा आला तर दोष कुणाचा ते सांगता येणार नाही. व्हर्जन तेच, डिस्ट्रो तीच, फक्त प्रोसेसर वेगळा.

प्रत्येक मशीनवर पहिली क्वेरी सिलेक्ट व्हर्जन() चालवा आणि आउटपुट जपून ठेवा. त्यात पोस्टग्रेसचं व्हर्जन, कुठल्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड केलाय, कुठल्या कंपायलरने आणि ३२ का ६४ बिट, चारही येतं. ३२ बिट बिल्डला कमी लेखू नका, त्याच इंटेल चिपवर ३२ बिट बिल्डमध्ये ६४ बिट आकड्यांचा भागाकार एका इन्स्ट्रक्शनने होतच नाही, जीसीसीची लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये करते, त्यामुळे बिगइंटच्या, म्हणजे ६४ बिट पूर्णांकाच्या सगळ्यात छोट्या आकड्याला -१ ने भागलं तर ६४ बिट बिल्डमध्ये जो ट्रॅप येतो तो इथे येतच नाही. चिप तीच, वागणं वेगळं.

पायरी ३: पीएसक्यूएलला बोलतं करा

पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं टर्मिनलवरचं टूल) उघडून ही ओळ टाका:

\सेट व्हर्बॉसिटी व्हर्बोज

या एका ओळीवर सगळी टेस्टिंग उभी आहे. आता सिलेक्ट १/० चालवा. आधी नुसतं "डिव्हिजन बाय झीरो" यायचं, आता त्याच्या आधी २२०१२ हा एरर कोड दिसेल आणि खाली लोकेशन म्हणून एक ओळ येईल, त्यात इंट४डिव्ह (इंट४ म्हणजे ४ बाइटचा, ३२ बिट पूर्णांक) हे फंक्शनचं नाव, इंट.सी ही फाइल आणि ओळीचा नंबर. म्हणजे ही एरर इंट४डिव्ह फंक्शनने स्वतः दिली, भाजक शून्य आहे हे बघून, प्रोसेसरपर्यंत गोष्ट गेलीच नाही. हेच आपल्याला पाहिजे.

जर कधी एरर कोड २२पी०१ आला, मेसेज "फ्लोटिंग-पॉइंट एक्सेप्शन" आणि लोकेशनमध्ये फ्लोटएक्सेप्शनहँडलर, फाइल पोस्टग्रेस.सी, तर समजा की कोडचा पहारा नव्हता किंवा चुकला, प्रोसेसरने ट्रॅप केला, सिग्नल आला आणि पोस्टग्रेसने तो सिग्नल पकडून त्याची एरर केली. युजरला दोन्ही वेळा एररच दिसते. पण दुसरी दिसली तर टेस्ट फेल धरा, एरर आलेली असली तरी फेल, कारण एआरएमवर तो सिग्नल येणारच नाही.

तुम्ही स्वतः सी मध्ये पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन लिहीत असाल तर हे थेट तुमच्यासाठी आहे. पोस्टग्रेसच्या आतल्या फंक्शनांना वर्षानुवर्षं लोकांनी घासून पुसून नीट केलंय, तुमच्या नव्या फंक्शनला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. भागाकाराच्या आधी शून्याची तपासणी आणि -१ ची तपासणी, दोन्ही तुम्हालाच लिहायच्यात.

पायरी ४: पूर्णांकाच्या क्वेऱ्या

आता मुख्य काम. पहिली:

सिलेक्ट (-२१४७४८३६४८)::इंट४ / (-१)::इंट४;

अपेक्षित: २२००३, "इंटिजर आउट ऑफ रेंज", लोकेशन इंट४डिव्ह.

कंस विसरू नका. कंस नसेल तर काय होतं ते जरा नीट बघू, कारण इथे टेस्ट चुकीच्या कारणाने पास होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेसमध्ये :: ही कास्टची, म्हणजे आकड्याचा प्रकार बदलण्याची खूण, उणे चिन्हापेक्षा घट्ट बांधते. त्यामुळे कंसाशिवाय लिहिलं तर आधी २१४७४८३६४८ ला इंट४ मध्ये बसवायचा प्रयत्न होतो, तो बसत नाही, "इंटिजर आउट ऑफ रेंज" येतं. कोड २२००३, मेसेज तोच. तुम्ही खूश. पण भागाकार झालाच नाही! फरक फक्त लोकेशनच्या ओळीत दिसतो, तिथे इंट४डिव्हच्या ऐवजी कास्टचं फंक्शन असतं, इंट८ वरून इंट४ करणारं. म्हणून सांगते, मेसेज वाचून टेस्ट पास करू नका, लोकेशन वाचा.

मग त्याच आकड्याची -१ ने बाकी काढा, भागाकाराच्या जागी टक्क्याची खूण. इथे एरर यायला नको, उत्तर ० यायला पाहिजे, कारण बाकी शून्य हे अगदी बरोबर आणि मावणारं उत्तर आहे. पण इंटेलवर भागाकार आणि बाकी एकाच इन्स्ट्रक्शनमधून निघतात त्यामुळे बाकीसाठी पण ट्रॅप व्हायचा. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये यासाठी खास अट आहे, भाजक -१ असेल तर भागाकार न करता सरळ ० द्या. २२पी०१ आला तर कुठेतरी ही अट हरवलीय.

नंतर हेच बिगइंटसाठी, -९२२३३७२०३६८५४७७५८०८ घेऊन, आणि इंट८ लिहून. आणि स्मॉलइंटसाठी -३२७६८ आणि -१, दोन्हीवर इंट२ चा कास्ट. स्मॉलइंटकडे जास्त लक्ष द्या. सी मध्ये १६ बिटचे आकडे गणिताआधी ३२ बिट होतात, भागाकार ३२ बिटमध्ये होतो, उत्तर ३२७६८ अगदी व्यवस्थित येतं, कुठलाच प्रोसेसर ट्रॅप करत नाही, आणि मग ते परत १६ बिटमध्ये कोंबताना -३२७६८ होतं. म्हणजे इथे कुठलंच हार्डवेअर तुम्हाला वाचवायला येणार नाही, कोडमधली तपासणी हीच एकमेव गोष्ट आहे. अपेक्षित: "स्मॉलइंट आउट ऑफ रेंज".

याच जातीच्या अजून काही: सगळ्यात छोट्या आकड्याचा ॲब्स (चिन्ह काढून टाकलेली किंमत), त्याच्यापुढे अजून एक उणे चिन्ह, २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवणं, त्याला २ ने गुणणं, या सगळ्यांवर २२००३. व्हर्जन १३ पासून मसावि काढायचं जीसीडी फंक्शन आलंय, त्यात सगळ्यात छोटा आकडा आणि -१ दिले तर १ यायला पाहिजे, आणि सगळ्यात छोटा आकडा आणि ० दिले तर आउट ऑफ रेंज.

बेरीज-गुणाकाराबद्दल एक गोष्ट, तिथे कुठलाच नेहमीचा प्रोसेसर ट्रॅप करत नाही, आकडा गोल फिरून उणेत जातो. धोका प्रोसेसरपेक्षा कंपायलरचा जास्त आहे, कारण सी च्या नियमाप्रमाणे चिन्हवाल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो (उत्तर न मावणं) होतच नाही असं कंपायलरला धरता येतं आणि तो तुमची "नंतर तपासू" वाली तपासणीच उडवून टाकू शकतो. म्हणून पोस्टग्रेस एफ-रॅपव्ही हा फ्लॅग (आकडा गोल फिरतो असंच धर, असं कंपायलरला सांगणारा) लावून बिल्ड होतो, आणि व्हर्जन ११ पासून ओव्हरफ्लो तपासायला वेगळी फंक्शनं आहेत, ती जिथे जमेल तिथे कंपायलरचीच बिल्ट-इन सोय वापरतात. भागाकारात पण हा प्रकार आहे, एरर देणाऱ्या ओळीनंतर कधीच न पोचणारी एक रिटर्न ओळ मुद्दाम ठेवलीय आणि शेजारी कॉमेंट आहे की जीसीसीचा बग आहे, कंपायलरला कळू दे की भागाकारापर्यंत पोचायचंच नाही. म्हणून स्वतः बिल्ड करत असाल तर ऑप्टिमायझेशनच्या ओ० आणि ओ२ दोन्ही पातळ्यांवर हा संच चालवा.

शिफ्टची एक क्वेरी पण टाका, सिलेक्ट १ << ३२. पोस्टग्रेस इथे काही तपासत नाही, सरळ सी चं शिफ्ट करतो. एक्स८६ वर १ येतं कारण तो शिफ्टच्या आकड्यातले खालचे पाचच बिट बघतो आणि ३२ चं ० होतं. पॉवरची इन्स्ट्रक्शन सहा बिट बघते, तिथे ० यायची शक्यता आहे. ही क्वेरी पास-फेलसाठी नाही, नोंद करून ठेवण्यासाठी आहे, आणि तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये बिटचे खेळ असतील तर शिफ्टचा आकडा ० ते ३१ मध्येच राहील हे तुम्ही बघा.

पायरी ५: कॉलम आणि जिट

आतापर्यंतच्या क्वेऱ्यांत सगळे आकडे थेट लिहिलेले होते, त्यामुळे पोस्टग्रेस प्लॅन करतानाच ते सोडवून टाकतो. खऱ्या जगात आकडे टेबलमधून येतात. दोन इंट कॉलमचं छोटं टेबल करा, भाज्य आणि भाजक, त्यात वरच्या जोड्या भरा आणि एकेका ओळीसाठी भागाकार चालवा.

आणि मग जिट, म्हणजे क्वेरी चालवतानाच तिचा मशीन कोड बनवणारी सोय. व्हर्जन १२ पासून जिट डिफॉल्टने चालू असतं (बिल्डमध्ये एलएलव्हीएम ही कंपायलरची लायब्ररी असेल तर, पीजी_जिट_अव्हेलेबल() विचारून बघा) पण ते महागड्या क्वेऱ्यांनाच लागू होतं, जिट_अबोव्ह_कॉस्ट एक लाख आणि इनलाइनिंगसाठी पाच लाख. आपली क्वेरी तिथपर्यंत जाणारच नाही. म्हणून जिट_अबोव्ह_कॉस्ट, जिट_इनलाइन_अबोव्ह_कॉस्ट आणि जिट_ऑप्टिमाइझ_अबोव्ह_कॉस्ट तिन्ही ० करा. हे का करायचं, तर इनलाइनिंग झालं की इंट४डिव्हचा कोड एलएलव्हीएम त्या मशीनसाठी नव्याने कंपाइल करतो. मूळ सर्व्हर जीसीसीने बनलेला असला तरी इथे वेगळा कंपायलर, वेगळं ऑप्टिमायझेशन. तपासणी तिथेही जागेवर आहे का हे वेगळं बघायला लागतं, आणि मोठ्या रिपोर्टच्या क्वेऱ्या नेमक्या याच वाटेने जातात.

जिट खरंच चाललं का ते एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये खाली दिसतं, इनलाइनिंग ट्रू असं. पण क्वेरी एरर देऊन पडली तर हा प्लॅन दिसतच नाही, म्हणून आधी साधी ओळ, ८ भागिले २, हिच्यावर एक्सप्लेन ॲनालाइझ चालवून खात्री करा आणि मग त्याच सेशनमध्ये वाकडी ओळ चालवा.

पायरी ६: फ्लोट

इथे चित्र उलटं आहे. फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) शून्याने भागलं तर आयट्रिपलई ७५४ या स्टँडर्डप्रमाणे इन्फिनिटी येते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये कुठलाच प्रोसेसर ट्रॅप करत नाही. पोस्टग्रेस मात्र १::फ्लोट८ / ०::फ्लोट८ ला २२०१२ देतो, म्हणजे तपासणी पूर्ण सॉफ्टवेअरची. १ई३०८ ला १० ने गुणा, "व्हॅल्यू आउट ऑफ रेंज: ओव्हरफ्लो". १ई-३०० ला स्वतःशी गुणा, तिथे अंडरफ्लो. पण इन्फिनिटी वजा इन्फिनिटी विचारलं तर एरर नाही, नॅन (नॉट अ नंबर) येतं, आणि ते बरोबर आहे. (या आकड्यांना फ्लोट८ चा कास्ट लावाच, नाहीतर पोस्टग्रेस त्यांना न्यूमरिक धरतो आणि तुम्ही भलतीच गोष्ट टेस्ट करता.)

नॅनची एक मजबूत टेस्ट आहे. हार्डवेअरने इन्फिनिटी वजा इन्फिनिटी करून बनवलेल्या नॅनचा चिन्हाचा बिट एक्स८६ वर १ असतो आणि एआरएमवर ०. स्क्रीनवर दोन्हीकडे नॅनच दिसतं. पण तुम्ही नुसतं 'नॅन' लिहून कास्ट केलेलं मूल्य आणि हे बनवलेलं मूल्य, यांचे बिट एक्स८६ वर वेगळे, आणि हॅश फंक्शन बिटवरून आकडा काढतं, त्यामुळे ग्रुप बायमध्ये दोन नॅनचे दोन वेगळे गट पडू शकतात. पोस्टग्रेसमध्ये हा प्रकार होता, नंतर सुधारला. दोन्ही प्रकारचे नॅन एका टेबलमध्ये टाका, हॅशफ्लोट८ चं उत्तर दोघांसाठी एकच येतंय ना बघा.

फ्लोटवरून इंट करताना: २१४७४८३६४८ ला फ्लोट८ करून मग इंट४ करा. इंटेलची इन्स्ट्रक्शन न मावणाऱ्या प्रत्येक आकड्याला सगळ्यात छोटा उणे आकडा देते, एआरएम जवळच्या टोकाला, म्हणजे २१४७४८३६४७ ला थांबवतो, आणि नॅनचं एआरएमवर ० होतं. तीन वेगळी खोटी उत्तरं. पोस्टग्रेसने यातलं काहीही बाहेर येऊ न देता २२००३ द्यायला पाहिजे.

शेवटच्या अंकांचे फरक वेगळे. जुन्या ३२ बिट इंटेल बिल्डमध्ये गणित एक्स८७ या जुन्या फ्लोट युनिटच्या ८० बिटच्या रजिस्टरमध्ये व्हायचं, मध्येच ६४ वर राउंड व्हायचं. आणि एआरएम, पॉवर, एस३९०एक्सवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकच राउंडिंग करणारी इन्स्ट्रक्शन वापरतो, साध्या एक्स८६-६४ बिल्डमध्ये ती वापरली जात नाही. एसक्यूएलमध्ये अ*ब+क लिहिलंत तर हा फरक येणार नाही, कारण गुणाकार आणि बेरीज ही दोन वेगळी फंक्शनं आहेत, पण भूमितीचे प्रकार, पॉइंट, लाइन, सर्कल, यांच्या एकाच सी फंक्शनमध्ये असं गणित आहे, तिथे पंधराव्या-सोळाव्या अंकाला फरक दिसतो. तो बग नाही. व्हर्जन १२ पासून फ्लोट पूर्ण अचूकतेने छापले जातात त्यामुळे असले फरक जास्त डोळ्यावर येतात, तुलना करताना एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्स ० करा म्हणजे १५ अंकांपर्यंतच छापेल.

न्यूमरिकला यातलं काही लागू नाही, ते पूर्ण सॉफ्टवेअरचं दशमान गणित आहे, सगळीकडे अंकाला अंक जुळलाच पाहिजे, एक अंक जरी हलला तरी तो बग. पैशाचे आकडे फ्लोटमध्ये ठेवू नका हे मी प्रत्येकाला सांगत असते, त्याचं हे पण एक कारण. एकच बघायचं, बिगइंटच्या सम आणि ॲव्हरेजला पोस्टग्रेस जिथे १२८ बिटचा इंट मिळतो तिथे तो वापरतो आणि ३२ बिट बिल्डवर न्यूमरिकने करतो. वाट वेगळी, उत्तर तेच यायला हवं, म्हणून मोठे बिगइंट भरून सम ३२ बिटवर पण चालवाच.

पायरी ७: तुलना, आणि आयता संच

सगळ्या क्वेऱ्या एका फाइलमध्ये, प्रत्येक मशीनवर पीएसक्यूएलने चालवा, आउटपुट आणि एरर दोन्ही एकाच फाइलमध्ये घ्या, मग डिफ (फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) मारा. लोकेशनमधला ओळीचा नंबर एकाच व्हर्जनवर सारखाच असतो त्यामुळे तो राहू द्या.

पोस्टग्रेसचा स्वतःचा रिग्रेशन संच पण वापरा, सोर्स बिल्ड करून मेक चेक. इंट२, इंट४, इंट८, फ्लोट४, फ्लोट८, न्यूमरिक या फाइली आधी वाचून काढा, शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. ठरावीक टेस्टच चालवायच्या तर मेक चेक-टेस्ट्सला नावं द्या, पण व्हर्जन १५ पासून सुरुवातीला टेस्ट_सेटअप पण द्यायला लागतं नाहीतर टेबलच सापडत नाहीत. फेल झालं तर रिग्रेशन.डिफ्स उघडा. काही टेस्टना एकापेक्षा जास्त अपेक्षित फाइली असतात, बहुतेक वेळा संच त्यातली सगळ्यात जवळची स्वतःच निवडतो, ठरावीक प्लॅटफॉर्मसाठीच्या फाइलींची नोंद रिझल्टमॅप फाइलमध्ये असते. पोस्टग्रेसची बिल्डफार्म म्हणजे जगभरातल्या लोकांनी आपापली मशीन लावून दिलेलं जाळं, प्रत्येक मशीनला प्राण्याचं नाव, नवा कोड आला की तिथे हाच संच चालतो. जुनं, विचित्र हार्डवेअर तुमच्याकडे पडून असेल तर तिथे फार उपयोगी पडतं.

मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट

पोस्टग्रेसच्या अपेक्षा इकडे लावू नका. मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट १/० ला नल येतं आणि १३६५ नंबरचं वॉर्निंग, स्ट्रिक्ट मोडमध्ये इन्सर्ट किंवा अपडेट करताना मात्र एरर. बिगइंटचा ओव्हरफ्लो झाला तर एरर १६९०. एसक्यूलाइट १/० ला नल देतो, वॉर्निंग पण नाही, आणि ९२२३३७२०३६८५४७७५८०७ मध्ये १ मिळवला तर गुपचूप रिअलमध्ये बदलून देतो, पण तेच सम() मध्ये झालं तर "इंटिजर ओव्हरफ्लो" एरर. हे सगळं ठरवून केलेलं आहे, हार्डवेअरशी संबंध नाही. तुम्हाला बघायचंय ते एवढंच की त्या डेटाबेसचं जे ठरलेलं वागणं आहे ते प्रत्येक प्रोसेसरवर तेच राहतं का.

बग सापडला तर

रिपोर्टमध्ये सिलेक्ट व्हर्जन() चं पूर्ण आउटपुट, खरी मशीन का एम्युलेशन, जिट चालू होतं का, स्वतः बिल्ड केला असेल तर कंपायलरचे फ्लॅग, शक्य तितकी छोटी, जमलं तर एका ओळीची क्वेरी, आणि व्हर्बोज एरर लोकेशनच्या ओळीसकट. दुसऱ्या प्रोसेसरवर तीच क्वेरी काय देते ते पण शेजारी द्या. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट द्या, समोरच्याला ती क्वेरी कॉपी करून आपल्या मशीनवर चालवायची असते.